कुणी काय व्हायचं

विराटपर्वाची सुरुवात मला महाभारतातल्या कुठल्याही युद्धापेक्षा जास्त आवडते. बारा वर्षांचा वनवास सरला आहे, तेरावं वर्ष ओळख लपवून काढायचं आहे, आणि पाच भाऊ व द्रौपदी बसून ठरवताहेत की विराटाच्या नगरात कुणी काय व्हायचं. युधिष्ठिर म्हणतो, मी कंक नावाचा ब्राह्मण होईन आणि राजाला फासे खेळवीन. ज्या फाशांपायी राज्य गेलं तेच तो आता पोटापाण्यासाठी हाती घेतो. भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात जाणार. अर्जुन बृहन्नडा होऊन अंतःपुरात नाच-गाणं शिकवणार. नकुल घोडे सांभाळेल, सहदेव गाई. द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची वेणीफणी करील. प्रत्येक जण आपल्यातलंच काहीतरी उचलतो, पण असं की जे आजवर कडेला पडून होतं. भीमाचं जेवणं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या रांधण्याचा विचार कोण करत होतं? आणि एकदा सोंग घेतलं की त्याच्या मर्यादेत राहावं लागतं. भर सभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो तेव्हा भीमाला उठता येत नाही, कारण त्या वर्षी तो राजाचा स्वयंपाकी असतो.

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये खेळ सुरू होण्याआधी अशीच एक बैठक असते. खेळणारे तिला सेशन झिरो म्हणतात. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चार-पाच जण एकत्र बसतात. त्यातला एक गेम मास्टर, बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. गेम मास्टर सांगतो, नदीला पूर आलाय आणि होडी पलीकडच्या काठाला आहे. एक जण म्हणतो, मी पोहत जातो. दुसरी म्हणते, मी नावाड्याच्या बायकोशी जाऊन बोलते. जमतं की नाही ते नियम ठरवतात, बहुतेक वेळा फासेही. पट लागतोच असं नाही, जिंकणं-हरणं नसतं. तीच माणसं, तीच पात्रं घेऊन गोष्ट महिनोन्‌महिने चालली की तिला कॅम्पेन म्हणायचं. कोकणातल्या दशावतारी मंडळींना यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल. तिथं लिहिलेली संहिता नसते. रात्रीचं आख्यान ठरतं, कुणी कोणती भूमिका करायची ते ठरतं, आणि दोन पात्रं समोरासमोर आली की बोलणं तिथल्या तिथं घडतं. आमच्या खेळात प्रेक्षक नसतात, एवढा मोठा फरक. आणि परंपरेच्या जागी नियमांचं पुस्तक असतं.

अशी पुस्तकं आता पुष्कळ आहेत. त्यामुळे नवी कॅम्पेन मनात आली की कुठल्या पुस्तकावर खेळायचं हे आधी ठरवावं लागतं. बरेच जण हा प्रश्न लवकर उरकतात: सगळ्यांना जो येतो तो घ्या, गोष्ट काय, कुठल्याही नियमांवर सांगता येते. मला हे पटत नाही. नियम म्हणजे खेळात कशाला मोल आहे हे सांगणारी व्यवस्था असते. ज्या कृतीसाठी पुस्तकात पन्नास पानं आहेत ती कृती टेबलावर सारखी घडते. जिच्यासाठी एक ओळही नाही ती मागे पडते, खेळणारे कितीही चांगले असले तरी.

आम्ही औंधात एका मित्राच्या घरी, सोप्यात जमतो. मित्र शेती करतो. बाकीच्यांत एक शिक्षिका आहे, एक जण घरून कॉम्प्युटरवर काम करणारा, एक जण साताऱ्याहून येणारा. टेकडीवर यमाईचं मूळपीठ आणि निम्म्या चढावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८मध्ये उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय. रविवर्म्याची चित्रं तिथं आहेत, हेन्री मूरचं एक शिल्पही आहे. खटाव तालुक्यातल्या या गावात ते कसं आलं याचं नवल नवख्या माणसाला वाटतं, आणि आम्हालाही ते अजून ओसरलेलं नाही. याच बाळासाहेबांनी १९१८मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले. काम १९१९मध्ये सुरू झालं आणि १९६६मध्ये पुरं झालं. त्यातलं विराटपर्व रघुवीर यांनी संपादून १९३६मध्ये छापलं गेलं. पाच भाऊ आणि द्रौपदी ‘कुणी काय व्हायचं’ ठरवतात ते पान इतक्या काळजीनं पारखून आपल्या हाती आलं, त्यामागे या गावचा पैसा आहे. आमच्या खेळाला औंधात बसायचा काहीतरी हक्क आहे असं मला त्यामुळे वाटतं.

नवी कॅम्पेन औंध संस्थानातच घडवायची, ही सूचना शिक्षिकेची. साल १९३९.

त्या वर्षी इथं जे घडलं ते थोडक्यात असं. बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचं ठरवलं. ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन आलेले त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब यात होते, आणि मॉरिस फ्रीडमन होते. फ्रीडमन हे वॉर्सात जन्मलेले पोलिश ज्यू इंजिनिअर. बंगळूरला वीजसाहित्याचा कारखाना चालवता चालवता गांधींकडे ओढले गेले आणि भारतानंद झाले. पुढे निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत नेणारे तेच. मसुदा गांधींपुढे गेला, त्यांच्या सल्ल्यानं बदलला, आणि जानेवारी १९३९मध्ये औंधची राज्यघटना लागू झाली. संस्थान लहान, ७२ गावांचं, तेही एकसंध नाही. औंध इथं खटावात, कुंडल कृष्णेच्या बाजूला, आटपाडी माणदेशात, गुणदाळ पार विजापूरकडे. गावानं पाच जणांची पंचायत निवडायची आणि तिथून वर तालुक्याची, मग संस्थानची सभा उभी राहायची. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं: कैद्यांनी भिंतीविना राहायचं, शेती करायची, बायकामुलांना सोबत ठेवायचं. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’चं मूळ तिथं आहे आणि त्या चित्रपटाचं लेखन औंध संस्थानातच वाढलेल्या माडगूळच्या गदिमांचं आहे.

ही गोष्ट बहुतेक वेळा राजाच्या बाजूनं सांगितली जाते. राजानं दिलं. बाळासाहेबांबद्दल मला मनापासून आदर आहे. कीर्तन करणारा, चित्रं काढणारा, सूर्यनमस्कारांसाठी आयुष्य वेचणारा, किर्लोस्करवाडीला १९१०मध्ये जागा देणारा असा संस्थानिक दुसरा दिसत नाही. पण दिलेलं कुणीतरी घ्यायचंही होतं. आटपाडी महालातल्या एखाद्या गावात पाच माणसं पहिल्यांदा पंच म्हणून बसली असतील. काल मामलेदार जे ठरवत होता ते आज आपण ठरवायचं. आणि ठरवलं की उद्या शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा. आम्हाला खेळायचे होते ते हे पंच. म्हणून असा खेळ हवा होता ज्यात सत्ता हाती येणं हे ओझं म्हणून जाणवेल.

सवयीनं पहिलं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं निघालं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ जानेवारी १९७४मध्ये लाकडासारख्या दिसणाऱ्या खोक्यात, तीन पातळ पुस्तिकांच्या रूपात आला. पहिल्या छपाईच्या प्रती हजार. आज जगात भूमिकाखेळ म्हटलं की याचंच नाव येतं, आणि वीस बाजूंचा फासा सगळीकडे पोचला तो याच्यामुळे. त्या पहिल्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट होती. भुयारातून सोनं आणलं की जेवढी नाणी तेवढे अनुभवाचे गुण. गुण वाढले की पात्र वरच्या पायरीवर जातं, ताकद वाढते, मग आणखी खोल भुयारात उतरायचं. पुढच्या आवृत्त्यांत हिशेब बदलला, सोन्याऐवजी राक्षस मारण्याला किंवा गोष्टीतला टप्पा गाठण्याला मोल आलं, पण चढण तीच राहिली, पहिल्या पायरीपासून विसाव्या पायरीपर्यंत. मी हा खेळ खूप खेळलो आहे आणि त्याचा ऋणी आहे. घाबरट मुलं त्यातून टेबलावर बोलायला शिकलेली मी पाहिली आहेत. पण जिथं प्रत्येक नियम ‘मिळव आणि वाढ’ असं सांगतो, तिथं आपणहून हातातलं खाली ठेवणाऱ्या राजाला पुस्तक काय देणार? त्याचे गुण कशात मोजणार?

या खेळाची मुळं मात्र वेगळ्याच मातीत आहेत, आणि तो भाग मला फार जवळचा वाटतो. १९६९मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या जुळ्या शहरांत डेव्हिड वेस्ली नावाचा तरुण आपल्या मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडत होता. हे मित्र सैन्यं हलवणारे, म्हणजे टेबलावर शिशाचे सैनिक मांडून युद्धखेळ खेळणारे. वेस्लीनं त्या खेपेला सैन्याबरोबर गावही मांडलं. ब्राउनश्टाइन नावाचं कल्पित प्रशियन गाव. कुणाला सेनापती केलं, पण कुणाला नगराध्यक्ष, कुणाला सावकार, कुणाला विद्यार्थी-पुढारी, आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा हेतू दिला. एकेकाला तो बाजूच्या खोलीत बोलवून काय करायचंय ते विचारू लागला. बाहेर थांबलेले गप्प बसले नाहीत. त्यांनी आपापसांत सौदे केले, कट केले, दोघांत तर द्वंद्वही ठरलं. सैन्याची लढाई राहिली बाजूला. वेस्लीला वाटलं, आपला खेळ पार फसला. मित्र म्हणाले, पुढचा कधी? त्या मित्रांत अर्नेसन होता. त्यानं १९७१च्या सुमाराला ब्लॅकमूर नावाची आपली दुनिया सुरू केली आणि तिथून तीन वर्षांनी ते लाकडी दिसणारं खोकं आलं.

म्हणजे या सगळ्याचा आरंभ एका गावात होता. नगराध्यक्ष, सावकार, विद्यार्थी, प्रत्येकाचा हेतू वेगळा आणि सगळ्यांचं भवितव्य एकत्र बांधलेलं. राक्षस आणि सोनं नंतर आलं. औंधची कॅम्पेन करताना आपण भूमिकाखेळाला भलतीकडे ओढत नाही, त्याच्या पहिल्या संध्याकाळकडे परत नेतो आहोत, ही माझी धारणा त्यातून पक्की झाली.

इतर पुस्तकंही काढून पाहिली. कॉल ऑफ क्थुलू १९८१पासून आहे, भयकथांसाठी त्याला तोड नाही. पण तिथं जितकं जास्त कळतं तितकं मन ढासळतं, असा नियम आहे. आमच्या गावात लोक लिहायला-वाचायला शिकणार होते. तो लगेच मिटवला. पेंड्रॅगनपाशी मात्र बराच वेळ गेला. ग्रेग स्टॅफर्डनं १९८५मध्ये तो आर्थर राजाच्या सरदारांवर बेतला. त्यात माणसाचे स्वभाव जोड्यांनी लिहिलेले असतात, उदार आणि स्वार्थी, क्षमाशील आणि सूड घेणारा, आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीसच राहते. एक वाढला की दुसरा तेवढा घटतो. खेळाच्या एका बैठकीत बहुधा एक वर्ष सरतं, सरदार म्हातारे होतात, त्यांची मुलं पुढे येतात. बाळासाहेबांसारख्या माणसाचं मन कागदावर उतरवायला हा खेळ सुरेख आहे. पण तो पुन्हा सरदारांचा, गडावरच्यांचा. आम्हाला गडाखालचं गाव हवं होतं. शिवाय सुरुवातीलाच एक गोष्ट आम्ही ठरवली होती: ज्यांची नावं इतिहासात आहेत अशा कुणालाही आमच्यातल्या कुणी पात्र म्हणून घ्यायचं नाही. बाळासाहेब, आप्पासाहेब, फ्रीडमन गोष्टीत असतील, त्यांचं पत्र येईल, गावच्या वेशीपर्यंत त्यांची मोटार येईल. त्यांच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. ज्यांचे वंशज आणि विद्यार्थी या भागात राहतात त्यांच्याविषयी एवढी अदब हवीच.

शेवटी हातात राहिला बेन रॉबिन्सचा किंग्डम. २०१३चा खेळ. फासे नाहीत, गेम मास्टर नाही. टेबलावर एक समाज ठरवायचा, तो साम्राज्य असेल, जहाज असेल, शाळा असेल. प्रत्येक पात्राचं त्या समाजात तीनपैकी एक स्थान. एकाकडे सत्ता: समाज काय करणार हे तो ठरवतो. दुसऱ्याकडे दृष्टी: तो सांगतो की असं केलं तर पुढे असं होईल, आणि त्याचं म्हणणं खरंच ठरतं. तिसरा जनमनाचा: त्याला जे वाटतं तेच लोकांना वाटत असतं. मग समाजापुढे एक दोराहा येतो, हे करायचं की नाही करायचं, आणि खेळ त्याभोवती फिरतो. सत्ता असलेल्याला पुढचं दिसत नाही. दिसतं त्याच्या हाती निर्णय नाही. आणि लोकांच्या मनातलं तिसऱ्यालाच कळतं. हे स्थान कायमचं नसतं, बदलता येतं, दुसऱ्याचं हिसकावताही येतं. सत्ताधारी पात्र खेळता खेळता जनमनाच्या जागी येऊन बसू शकतं. औंधच्या राजानं केलं ते या पुस्तकात एक वैध चाल म्हणून लिहिलेलं आहे. हे वाचलं तेव्हा मला झालेला आनंद अजून ताजा आहे.

आणि तरीही इथंच सगळ्यात अवघड वाद झाला. जनमनाच्या पात्राला वाटतं तेच लोकांना वाटतं, असा नियम. शिक्षिकेनं विचारलं, “कुठल्या लोकांना?” १९३९मधल्या आटपाडी महालातल्या गावात एकच लोक कुठे होते? लेखक शंकरराव खरात आटपाडीचे, जन्म १९२१चा. त्यांच्या ‘तराळ अंतराळ’ या आत्मचरित्रात गावकुसाबाहेरचं बालपण आहे, गावकीची कामं करणारा बाप आहे. घटना आली तेव्हा ते विशीच्या आतले होते. गावात पंचायत बसली तेव्हा महारवाड्यातल्या माणसाला चावडीत कुठं बसायला मिळालं असेल? आमच्या पुस्तकातला नियम हे विचारतच नाही. तो गृहीत धरतो की समाजाला एक मन असतं. परक्या देशातल्या एखाद्या कल्पित जहाजासाठी ते चालून जाईल. माणदेशातल्या गावाला ते लावलं तर आपण खोटं गाव खेळू.

वाद बराच चालला. घरून काम करणारा मित्र म्हणाला, मग जातच नको खेळात, आपला गटच मोडेल. शिक्षिका म्हणाली, जात वगळून पंचायत खेळायची तर पंचायत कशाला, क्रिकेटचा क्लब खेळू. तिचं बरोबर होतं. आम्ही नियम बदलला. जनमनाची पात्रं दोन ठेवायची, एक गावकुसाच्या आतलं, एक बाहेरचं. दोघांचं वाटणं जुळलं नाही तर ‘लोकांना असं वाटतं’ हे वाक्य टेबलावर कुणी वापरायचं नाही, प्रत्येकानं ‘आमच्या आळीत’ किंवा ‘आमच्या वाड्यात’ असं म्हणायचं. एवढ्या छोट्या बदलानं सत्ता असलेल्या पात्राचं काम दुप्पट कठीण होतं. व्हायलाच हवं. पुस्तक निवडणं म्हणजे त्यातला प्रत्येक नियम मान्य करणं नव्हे. कुठल्या नियमाशी भांडायला मिळेल हेही निवडताना पाहावं.

शेतकरी मित्र हे सगळं ऐकत होता. त्याचा प्रश्न निराळा होता. “समदं आपुनच ठरवायचं म्हन्ता. मग पाऊस कोण पाडणार ह्यात? त्यो काय कुणाच्या हातात हाय व्हय?”

सगळे गप्प झालो. आटपाडी म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख. सह्याद्रीवर ढग रिते होतात आणि माणदेशापर्यंत येईतो वारा तेवढा उरतो. तिथल्या पंचायतीपुढचे निम्मे प्रश्न पाण्यातून उगवणार. आणि किंग्डममध्ये दैवाला जागा नाही, पात्रांच्या निर्णयाबाहेरचं तिथं काही घडत नाही. अशा गावाची गोष्ट सांगायची तर माणसाच्या इच्छेबाहेरचं काहीतरी टेबलावर हवंच. भूमिकाखेळात फाशाचं खरं काम मला तिथं दिसतं. फासा म्हणजे थरार नव्हे, आपल्या कुणाचाच नसलेला असा एक आवाज.

म्हणून दुसरं पुस्तक जोडलं, एव्हरी आल्डर यांचं द क्वाएट इयर. तेही २०१३मधलंच. पत्त्यांचा कॅट, ५२ पानं, प्रत्येक पान म्हणजे एक आठवडा. चार रंग म्हणजे चार ऋतू. मध्ये एक मोठा कागद पसरून सगळ्यांनी मिळून गावाचा नकाशा काढायचा. आपल्या पाळीला पान उचलायचं, त्यावरचा प्रश्न सोडवायचा, मग एखादं काम सुरू करायचं, किंवा काही नवं शोधायचं, किंवा चर्चा बोलवायची. चर्चेत प्रत्येकानं एकदाच, एक-दोन वाक्यं बोलायची, निर्णय होवो न होवो. एरवी मत द्यायची मुभा नाही. कुणी आपल्याला न विचारता काही केलं आणि लागलं, तर बोलायचं नाही, मधल्या ढिगातून एक खडा उचलून आपल्यापुढे ठेवायचा. खडे साचत जातात आणि सगळ्यांना दिसत राहतात. गावात वर्षानुवर्षं न बोललेलं जे असतं, ते या खेळानं इतकं नेमकं पकडलं आहे की आमच्या मित्रानं हा नियम ऐकून फक्त मान हलवली.

ऋतू आम्ही आपले लावले. पाडव्यापासून बदाम, मृगापासून चौकट, घट बसले की किलवर, आणि रब्बीची पिकं उभी राहिल्यावर इस्पिक. चौकटीच्या काही पानांवर पावसाचे प्रश्न लिहिले. ते मित्रानं लिहिले, त्यात आम्हा कुणाला हात घालू दिला नाही. या खेळाची सुरुवात साधनं ठरवण्यानं होते: प्रत्येकानं गावाला महत्त्वाची एक गोष्ट सांगायची, मग त्यातली एकच भरपूर आहे असं ठरवायचं आणि बाकीच्या तुटपुंज्या. आमच्या कागदावर पाणी, वैरण, मेंढरं आणि लिहिता येणारी माणसं अशी नावं आली. भरपूर ठरली मेंढरं. लिहिता येणारी माणसं तुटपुंज्यांत गेली आणि पहिल्याच पंचायतीचा ठराव कोण लिहिणार हा प्रश्न न विचारता उभा राहिला.

बेत असा आहे, की एक वर्ष या खेळानं गाव वसवायचं, आणि त्या नकाशावर पुढची वर्षं किंग्डमनं खेळायची. त्या वर्षांत खूप काही येतं. १९४३मध्ये इंग्रज सत्तेविरुद्ध प्रतिसरकार उभं राहिलं, आणि त्याचं एक ठाणं म्हणजे कुंडल, औंध संस्थानातलंच. इंग्रजांच्या हद्दीतून पळालेला माणूस संस्थानच्या हद्दीत शिरला की पंचायतीनं काय करायचं? घटना मिळाली ती इंग्रज सरकार वर असतानाच. माणूस लपवला तर ती घटनाच धोक्यात, नाही लपवला तर गावाला तोंड कसं दाखवायचं? दोराहा म्हणतात तो असा. मला एवढ्या एका प्रसंगासाठीसुद्धा ही कॅम्पेन खेळावीशी वाटते.

मग १९४८ येतं. गांधींच्या हत्येनंतर या भागात ब्राह्मणांची घरं जळली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ कादंबरीचा विषय तोच आहे. वेदाभ्यासक पंडित सातवळेकरांचं स्वाध्याय मंडळ त्याच वर्षी औंध सोडून पारडीला गेलं. हे खेळायचं का? माझं मत स्पष्ट होतं: खेळायचं नाही, पण टाळायचंही नाही. खेळणाऱ्यांत यासाठी चांगल्या रीती रुळलेल्या आहेत. काही गोष्टी टेबलावर येणारच नाहीत असं आधी ठरवता येतं, काही पडद्याआड ठेवता येतात, घडल्या एवढंच सांगून पुढे जायचं. आणि मध्ये एक कार्ड ठेवायचं. कुणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथंच थांबतो, कारण विचारायचं नाही. आमच्यातल्या दोघांच्या घरांत त्या दिवसांच्या आठवणी दोन बाजूंनी आहेत. जाळपोळ पडद्याआड राहील, दुसऱ्या सकाळचं गाव टेबलावर येईल, असं ठरलं. त्या सकाळी दोन जनमनं काय म्हणतील याची मला धास्ती आहे, आणि हाच खेळ निवडला याचं समाधानही.

शेवटाचं अजून पुरतं मिटलेलं नाही. द क्वाएट इयरमध्ये इस्पिकचा राजा निघाला की खेळ त्याच क्षणी थांबतो. कामं अर्धी असोत, चर्चा अपुरी असो, बाहेरून कुणीतरी येतं आणि वर्ष संपतं. ८ मार्च १९४८ला औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. मी म्हटलं, आपली कॅम्पेनही तशीच थांबवू, इस्पिकच्या राजावर. शिक्षिकेला ते मंजूर नाही. ती म्हणते, विलीन झालं म्हणजे संपलं कसं, स्वतंत्रपूर तर अजून आहे, आणि ज्यांनी तेव्हा पंच म्हणून सही केली ते पुढे प्रजासत्ताकात मत द्यायला गेलेच ना? तिचं ऐकून शेवटचा नियम असा लिहिलाय: राजा निघाला की नकाशावरच्या प्रत्येक अर्ध्या कामावर एकेकानं बोट ठेवायचं आणि ते पुढं कुणी, कसं चालवलं ते सांगायचं. ज्याच्यावर कुणीच बोट ठेवणार नाही ते खोडायचं. विहिरीवर बोट आपलं, हे शेतकरी मित्रानं आत्तापासून सांगून ठेवलंय.